हॅवलॉकच्या पाण्याखाली: एक कोळंबी, एक गोबी आणि आम्ही दोघी

परत येऊन तीन आठवडे झाले. फोटो अजून निवडून संपलेले नाहीत, पण डोक्यात आहे ते आधी लिहून काढते, नाहीतर सगळे दिवस एकमेकांत मिसळून जातात. आम्ही दोघी बहिणी अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर गेलो होतो, मी आणि धाकटी. मी ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, तीन वर्षांपूर्वी तारकर्लीला केला होता, नंतर मालवणलाच चार-पाच डाइव्ह झाल्या. धाकटीला पोहताही येत नाही. गाव देवगड, त्यामुळे मासे आम्हाला माहीत आहेत ते टोपलीतले आणि ताटातले. जिवंत मासा त्याच्या घरात कसा राहतो ते बघायचं आणि जमलं तर त्याचा एक नीट फोटो काढायचा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

दिवस पहिला: पोचलो

मुंबई-चेन्नई-पोर्ट ब्लेअर विमान, तिथून जेटी, जेटीवरून बोट, दुपारी हॅवलॉक. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्रीविजयपुरम आणि हॅवलॉकचं २०१८ पासून स्वराज द्वीप, पण रिक्षावाले, बोटवाले सगळे जुनीच नावं घेतात म्हणून मीही तीच वापरते.

पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे उजेड. घड्याळ आपलंच, पण सूर्य कितीतरी पुढे. फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचला दिवस मावळतो आणि सकाळी सहाच्या आत लख्ख उजाडलेलं असतं, त्यामुळे इथे सगळं लवकर चालतं, डाइव्हच्या बोटी साडेसहाला सुटतात. रात्री जागत बसायची सवय असेल तर ती मुंबईतच ठेवून या.

संध्याकाळी तीन नंबरच्या बाजारात गेलो (इथे किनाऱ्यांना आणि वस्त्यांना नंबर आहेत, दोन नंबर, तीन नंबर, पाच नंबर, रिक्षावाल्याला तेवढंच सांगायचं). एका छोट्या खानावळीत बंगाली दीदीने जेवायला वाढलं. भात, मसूरची डाळ, बटाट्याच्या पातळ तळलेल्या काचऱ्या आणि मोहरी वाटून केलेलं सुरमईचं कालवण. मोहरीचा तो झणका नाकात जातो आणि मग दोन घासांनी सवय होते. दीदीचे आजोबा पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आले, सरकारने इथे जमीन दिली, जंगल तोडून भातशेती केली. हॅवलॉकची बरीचशी वस्ती अशीच १९५० च्या दशकात आलेल्या कुटुंबांची आहे. तिने विचारलं तुम्ही कुठल्या, मी म्हटलं समुद्राकाठच्याच, तर म्हणाली मग अजून थोडा मासा घ्या, आणि न विचारता वाढला. पुढचे पाचही दिवस आम्ही तिथेच जेवलो.

दिवस दुसरा: निमो रीफ आणि ती कुरकुर

निमो रीफ (रीफ म्हणजे प्रवाळाचा खडक) दोन नंबरच्या किनाऱ्यालगत आहे. बोट नाही, चालत पाण्यात शिरायचं. धाकटीची ट्राय डाइव्ह आणि माझी चेक डाइव्ह (आधीचं शिकलेलं अजून जमतंय ना ते बघायची) दोन्ही इथेच. ट्राय डाइव्हला पोहता यायची गरज नसते, एका माणसामागे एक इन्स्ट्रक्टर असतो आणि तो पूर्ण वेळ तुमच्या सिलेंडरला धरून असतो, तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्यायचा आणि कान दुखायच्या आधी नाक चिमटीत धरून हळू हवा ढकलायची. कान दुखला की थांबायचं, हाताने सांगायचं, थोडं वर जायचं. सहन करत खाली जायचं नाही हे मी तिला रात्रभर सांगत होते.

ती आधी कमरेइतक्या पाण्यात दोनदा घाबरून उभी राहिली. इन्स्ट्रक्टर काही बोलला नाही, नुसता शेजारी उभा राहिला. तिसऱ्यांदा गेली ती अर्ध्या तासाने वर आली. मी किनाऱ्यावर वाट बघत होते, मला वाटलं आता निमोबद्दल सांगेल, तर मास्क काढून पहिलं वाक्य, "ताई, खाली आवाज येतो गं. कढईत लाह्या फुटतात तसा. सगळीकडून."

मी आतापर्यंत इतक्या वेळा पाण्यात गेले पण या आवाजाकडे नीट कान दिला नव्हता, स्वतःच्या श्वासाचा आणि बुडबुड्यांचाच आवाज इतका असतो. इन्स्ट्रक्टरने सांगितलं की ती कोळंबी असते. पिस्टल श्रिंप म्हणतात. तिची एक नांगी मोठी असते, ती इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्या फुटण्याचा तो आवाज. रीफच्या भेगाभेगांत अशा शेकडो बसलेल्या असतात. जिवंत रीफ अशी कायम कडकडत असते, मेलेली शांत होत जाते.

हा इन्स्ट्रक्टर कॅरेन समाजातला. हे लोक ब्रिटिशांनी १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणले, मायाबंदरच्या बाजूला त्यांची गावं आहेत, आणि अंदमानातले कितीतरी चांगले डायव्हर यांच्यातलेच. पाण्यात तो इतका कमी हलतो की मासे त्याच्याभोवती आपली कामं चालू ठेवतात. मी आठवडाभर त्याच्याकडून सगळ्यात जास्त शिकले ते हेच.

माझ्या डाइव्हला निमो दिसले, म्हणजे क्लाउनफिश, अ‍ॅनिमोन नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या झुपक्यात चार जणांचं कुटुंब. यांचं एक विशेष म्हणजे सगळे नर म्हणूनच जन्मतात, सगळ्यात मोठी ती मादी असते, आणि ती मेली की मोठा नर मादी होतो. घर सोडून कुणी जात नाही.

पण निमो रीफ बघताना वाईटही वाटलं. मेलेल्या प्रवाळाचे तुकडे खूप. प्रवाळाचा रंग हा त्याच्या आत राहणाऱ्या शैवालाचा असतो, ते शैवाल त्याला अन्नही पुरवतं, आणि पाणी बरेच दिवस जास्त गरम राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. अंदमानात २०१० मध्ये असं फार मोठ्या प्रमाणात झालं, २०१६ ला पुन्हा. काही ठिकाणी नवीन वाढ दिसते, बोटाएवढ्या फांद्या, जुन्या मेलेल्या सांगाड्यावर बसलेल्या. त्या बघून मी हात आणखी आवळून घेतले.

आणि इथेच, रीफ संपून वाळू सुरू होते तिथे, साधारण नऊ मीटरवर, इन्स्ट्रक्टरने मला थांबवलं आणि एका भोकाकडे बोट केलं. भोकाच्या तोंडाशी करंगळीएवढा पट्ट्यापट्ट्यांचा मासा बसला होता, गोबी. मी कॅमेरा पुढे केला, तो आत गेला. पाच मिनिटं थांबले, आला नाही. वर आल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाला, त्या बिळात दोघं राहतात, दुसरं दिसलं का? नाही दिसलं. म्हणाला, मग उद्या-परवा बघू, घाई नको.

कॅमेऱ्याबद्दल थोडं

माझ्याकडे ऑलिम्पसचा टीजी-६ आहे, तो नुसता १५ मीटरपर्यंत चालतो आणि हाउसिंग (वरची पाणबंद पेटी) घातलं की ४५ मीटरपर्यंत. नवीन लोकांनी मोठा कॅमेरा घेऊन उतरू नये हे माझं ठाम मत आहे. आधी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न बुडता न तरंगता एका जागी राहणं, ते जमेपर्यंत कॅमेरा बोटीवरच ठेवा. ज्याला स्वतःचं शरीर सांभाळता येत नाही तो फोटोच्या नादात प्रवाळावर गुडघे टेकतो आणि पंचवीस-तीस वर्षांची वाढ एका क्षणात मोडते.

दुसरं म्हणजे जवळ जा. पाणी रंग खातं, लाल तर पाच-सहा मीटरमध्येच फिका पडतो, मग नारिंगी, मग पिवळा. लांबून काढलेला फोटो निळा-हिरवा आणि धुरकटच येणार. झूम करू नका, स्वतः पुढे सरका. कॅमेऱ्याचा समोरचा फ्लॅश मारला तर पाण्यातला सगळा कचरा उजळून फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं, म्हणून लाइट बाजूने, थोडा बाहेर वळवून हवा. मी एका छोट्या आर्मवर टॉर्च लावला होता. आणि माशाच्या डोळ्याच्या पातळीवर या. वरून काढलेला मासा टोपलीतला दिसतो.

दिवस तिसरा: द वॉल, आणि हाउसिंगमध्ये पाणी

अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स इथेच करायचं ठरवलं होतं, कारण ओपन वॉटरवाल्याला १८ मीटरच्या खाली नेत नाहीत आणि हॅवलॉकच्या चांगल्या जागा त्याखाली आहेत. पाच डाइव्ह असतात, डीप आणि नॅव्हिगेशन सक्तीच्या, बाकी तीन आवडीच्या. मी बॉयन्सी, फोटोग्राफी आणि नाइट घेतल्या. बॉयन्सीची आदल्या दिवशीच दुपारी झाली होती.

द वॉल जेटीपासून जवळ. नावाप्रमाणे भिंत, वरचा माथा दहा-बारा मीटरवर आणि मग खाली काळोखात उतरत जाते. इथे मला ऑक्टोपस भेटला. आधी तो दगड होता. मग दगडाला डोळा आला. मी श्वास हळू केला आणि थांबले, तर हळूहळू त्याची कातडी गुळगुळीत झाली, विटकरी रंगाची पांढरट झाली, आणि एक हात माझ्या दिशेने पुढे आला आणि अर्ध्यात थांबला. मी लहानपणापासून माकूळ (स्क्विड) साफ करताना बघितलंय, काळी पिशवी अलगद काढतात, नळाखाली धुतात. त्याच्या या नातेवाइकाला असं बघत असताना तोही मला बघतोय हे मनात ठसलं. त्या दिवशी रात्री मी दीदीकडे डाळभातच घेतला.

फोटो चार मिळाले. पाचव्याला स्क्रीनवर धुकं आलं, बघते तर हाउसिंगच्या तळाशी पाण्याचे थेंब. इन्स्ट्रक्टरला खूण केली, आम्ही वर येऊन सेफ्टी स्टॉप (बाहेर पडायच्या आधी थोड्या खोलीवर काही मिनिटं थांबणं) करून बाहेर. हाउसिंग उघडलं तर ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, माझाच एक केस आडवा पडलेला. एक केस. त्या वेळी बारा मीटरवर होतो आणि कॅमेरा स्वतः १५ मीटरपर्यंत टिकणारा, म्हणून वाचला. लगेच गोड्या पाण्यात धुतला, पुसला, रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवला.

तेव्हा सांगते: हाउसिंग बोटीवर बंद करू नका, तिथे वारा, वाळू, ओले केस सगळं असतं. खोलीत, पंखा बंद करून, केस बांधून, ओ-रिंगवरून बोट फिरवून बघा, किंचित सिलिकॉन ग्रीस लावा आणि मग पहिल्यांदा कॅमेरा न घालता नुसतं हाउसिंग टिश्यू पेपर ठेवून पाण्यात बुडवून बघा. टिश्यू कोरडा राहिला तरच पुढे.

दिवस चौथा: डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज

या दोन्ही जागांची नावं इथल्याच कॅरेन डायव्हरांवरून पडली आहेत, हे मला फार आवडलं. बोट तासाच्या वर चालली, समुद्र तेलासारखा सपाट, उडणारे मासे बोटीच्या पुढे सुटत होते.

डिक्सन्सला पाण्याखाली तीन सुळके आहेत, सगळ्यात उंच सुळक्याचा माथाच सोळा-अठरा मीटरवर. निळ्यात उतरत जायचं, खाली काही दिसत नाही, आणि मग एकदम ते जांभळे मऊ प्रवाळ आणि त्यावर माशांचा ढग. बॅटफिशचा थवा आमच्या बुडबुड्यांत येऊन उभा राहिला, ताटाएवढे चपटे, शांत, आम्ही वळलो की तेही वळत होते.

अठ्ठावीस मीटरवर इन्स्ट्रक्टरने माझं मनगट धरून मला दाखवलं. निघायच्या आधी आईने कुणकेश्वराचा लाल गंडा बांधला होता. तो काळा दिसत होता, म्हणजे अगदी काळपट हिरवा. मग त्याने टॉर्च लावला आणि तो धगधगीत लाल झाला. टॉर्च काढला, काळा. पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं की खोलीवर लाल राहत नाही, पण आपल्या हातावरचा गंडा रंग सोडतो आणि परत घेतो हे बघितल्यावर मी त्याच्याकडे खूण करून परत एकदा दाखवायला लावलं. सुळक्यावरचा तो करडा वाटणारा स्पंजही लाइट पडल्यावर शेंदरी निघाला. हे सगळं तिथे आहे, फक्त उजेड नाही.

एवढ्या खोलीवर हवा भराभर संपते, दाब जवळजवळ चौपट असतो म्हणजे दर श्वासाला हवाही तेवढी जास्त लागते. गेजवर, म्हणजे सिलेंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणाऱ्या काट्यावर, सतत नजर हवी. फोटोच्या नादात गेज विसरणं ही या छंदातली सगळ्यात धोक्याची सवय आहे. मी दर पाच फोटोंनंतर गेज बघायचं असा नियम केला आणि पाळला.

जॉनीज गॉर्जला व्हाइटटिप मोरी, म्हणजे शार्क, दिसली, दोन. वाळूवर निजलेली एक आणि एक फिरती. बाजारात मोरी म्हणजे कापलेले तुकडे, मालवणी मसाल्याचं मटणासारखं सुकं. इथे ती आमच्याकडे ढुंकूनही न बघता गेली. स्नॅपरचा थवा इतका दाट की पलीकडचा इन्स्ट्रक्टर दिसेना. खडकाच्या खाली हेकरू (ग्रूपर मासा) तोंड उघडून बसलेला आणि क्लीनर रॅस नावाचा बोटाएवढा मासा त्याच्या कल्ल्यात शिरून साफसफाई करत होता, मध्येच हेकरूने अंग थरथरवलं, तो लगेच बाहेर आला, मग परत आत.

परतीच्या वेळी मात्र मन खट्टू झालं. दुसऱ्या एका ग्रुपमधला मोठा कॅमेरा घेतलेला माणूस एका कासवाच्या मागे लागला होता, तिघे मिळून. कासवाला श्वास घ्यायला वर जावंच लागतं, ते वर निघालं की हे आडवे. शेवटी आमच्या इन्स्ट्रक्टरने मध्ये जाऊन हाताने थांबवलं. कासवाचा फोटो हवा असेल तर ते खात असतं तिथे बाजूला लांब थांबा, त्याला तुमची भीती नाही वाटली की ते स्वतः जवळून जातं. पाठलाग केल्यावर मिळतो तो शेपटीचा फोटो.

दिवस पाचवा: पाऊस, आणि रात्र

फेब्रुवारीत सहसा पाऊस नसतो, पण सकाळी उठलो तर धो धो. बोटी रद्द. धाकटी खूश, तिला राधानगर बघायचं होतं. सात नंबरचा तो किनारा खरंच सुंदर आहे, मागे उंच जंगल, ओली वाळू कणकेसारखी मऊ. मगरीचे सूचनाफलक आहेत ते गांभीर्याने घ्या, खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे आणि खाडीच्या तोंडाजवळ पाण्यात उतरू नये. बाजारात गरम सिंगारा (बंगाली समोसा) आणि जिलेबी खाल्ली, दीदीने आमच्या ओल्या ओढण्या चुलीजवळ वाळत घातल्या.

चारला आभाळ मोकळं झालं आणि इन्स्ट्रक्टरचा निरोप आला, नाइट डाइव्ह होईल. जागा लाइटहाउस, उथळ, दहा-बारा मीटर.

अंधारात उतरताना पोटात गोळा आला होता हे खरं. पण टॉर्चच्या गोल उजेडात जग लहान होतं आणि लक्षही एका जागी राहतं. प्रवाळाचे तोंड मिटलेले असतात दिवसा, रात्री प्रत्येक ठिपक्यातून बारीक हात बाहेर आलेले, सगळा खडक फुलल्यासारखा. एका कपारीत पॅरटफिश झोपला होता, स्वतःभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून त्यात. हाच मासा दिवसा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो आणि त्याची वाळू करून टाकतो, इथली पांढरी वाळू बरीचशी अशाच माशांची देणगी. मी एकच फोटो काढला आणि लाइट बाजूला केला. झोपलेल्यावर फ्लॅश मारत बसू नये.

शेवटी टॉर्च छातीशी दाबून अंधार केला. हात हलवला की निळ्या ठिणग्या. आणि तीच कुरकुर, रात्री तर अजून मोठी. धाकटीने सांगितलं नसतं तर मी याही वेळी ऐकलं नसतं.

दिवस सहावा: बीळ

शेवटचा डायव्हिंगचा दिवस. सकाळी नॅव्हिगेशनची डाइव्ह उरकली आणि कोर्स संपला. इन्स्ट्रक्टरने विचारलं शेवटच्या डाइव्हला कुठे जायचंय, अ‍ॅक्वेरियम नावाच्या जागी प्रवाळ छान आहेत. मी म्हटलं निमो रीफ, ते भोक. तो हसला.

(जाताना एका टायटन ट्रिगरफिशने मात्र पळवलं. घरट्याजवळ गेलं की हा मासा अंगावर येतो, दात मजबूत असतात. त्याची हद्द वरच्या दिशेला शंकूसारखी रुंद होत जाते, म्हणून वर पळायचं नाही, आडवं निघून जायचं.)

नऊ मीटर. भोक सापडलं. गोबी तोंडाशी बसलेला. मी तीन मीटरवर थांबले, वाळूच्या वर वीतभर, हात छातीशी. श्वास हळू सोडायचा, बुडबुडे एकदम सोडले की तो आत जातो हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. एक मिनिट थांबायचं, वीतभर पुढे सरकायचं. परत एक मिनिट. गोबीचे डोळे वर असतात, बेडकासारखे, एक माझ्यावर आणि एक कुठेतरी दुसरीकडे.

बारा मिनिटांनी मी हातभर अंतरावर होते. आणि मग भोकातून वाळूचा ढीग बाहेर आला. ढिगामागे दोन नांग्या, आणि नांग्यांमागे कोळंबी. छोट्या बुलडोझरसारखी. वाळू बाहेर लोटली, टाकली, उलटी आत गेली, परत दुसरा ढीग घेऊन आली. ही त्या कुरकुर करणाऱ्या पिस्टल श्रिंपच्याच घराण्यातली. हिला जवळजवळ दिसत नाही. बीळ ही खणते, दिवसभर, कारण वाळू सारखी ढासळत असते. पहारा तो देतो. आणि बाहेर असताना तिची एक लांब मिशी सतत त्या माशाच्या अंगावर टेकलेली असते.

हे मी ऐकलं होतं पण बघितलं तेव्हा डोळ्यांवर विश्वास बसेना. ती वाळू टाकायला डावीकडे वळली, मिशी शेपटीवर. उजवीकडे वळली, मिशी ताणली गेली पण सुटली नाही, टोक तसंच टेकलेलं. मग माझ्या हातून टॉर्च थोडा हलला. गोबीने शेपूट किंचित फडफडवली, बस, एवढंच, आणि कोळंबी एका झटक्यात आत. तो मात्र जागेवर. दोन मिनिटांनी मिशी आधी बाहेर आली, चाचपत चाचपत माशापर्यंत पोचली, टेकली, आणि मग ती आली, कामाला लागली.

मायक्रोस्कोप मोड, टॉर्च बाजूने, फोकस गोबीच्या डोळ्यावर. मी चौसष्ट फोटो काढले. इन्स्ट्रक्टर मागे तसाच थांबलेला, एकदाही घाई नाही. ५० बार हवा उरली तेव्हा त्याने खांद्याला हात लावला. मी निघताना फिनची एकही हालचाल वाळूकडे जाऊ दिली नाही, जेवढ्या हळू आले तेवढ्याच हळू मागे सरकले. तो मासा आत गेला नाही. मला त्या प्रवासात सगळ्यात मोठा आनंद कशाचा झाला असेल तर याचा.

वर आल्यावर मी रडत होते, मास्क होता म्हणून कुणाला कळलं नाही. धाकटी किनाऱ्यावर नारळपाणी घेऊन उभी होती, तिला सांगितलं, "तुझ्या लाह्या फोडणाऱ्यांच्या घरी जाऊन आले."

दिवस सातवा आणि परत

शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही, शरीरात नायट्रोजन साठलेला असतो, म्हणून विमान मुद्दाम एक दिवस सोडून काढलं होतं. तिकीट काढतानाच हे धरून चला, मागाहून बदलणं महाग पडतं. हा मोकळा दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये सेल्युलर जेलला दिला. सावरकरांच्या कोठडीसमोर मराठी माणसं बरीच भेटतात, कुणी चप्पल काढून उभं असतं. आम्हीही काढल्या. गच्चीवरून समुद्र दिसतो, अगदी जवळ. कोठडीला मात्र उंचावर एकच झरोका. त्यावर काही लिहावं असं सुचत नाही.

एक शेवटचं सांगते, किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे कितीही सुंदर वाटले तरी उचलू नका. कडक प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, मेलेला तुकडा असला तरी विमानतळावर सामान तपासून काढून घेतात आणि कारवाई होऊ शकते. एका काकूंच्या पर्समधून आमच्यासमोर निघाला, त्यांना माहीतच नव्हतं. डायव्हिंगला डिसेंबर ते एप्रिल चांगले महिने. रोख पैसे बरोबर ठेवा, नेटवर्कचा भरवसा धरू नका. सर्दी असेल तर डाइव्ह नाही म्हणजे नाही. आणि दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन असं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा, निघायच्या आधीच डॉक्टरांचं पत्र घ्या.

घरी आल्यावर चौसष्टमधले एकसष्ट गेले. कुठे फोकस शेपटीवर, कुठे वाळूचा धुरळा. तीन राहिले. एकात मिशी दिसते.

आई तेव्हा देवगडहून आली होती. तिला आधी बॅटफिश दाखवले, मोरी दाखवली, मोरी बघून तिने नेहमीसारखा भाव सांगितला. मग हा फोटो दाखवला. तिने चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ धरला.

"अगो, ह्यां सुंगट मां?"

कोळंबीच, म्हटलं, आणि सगळं सांगितलं, ही आंधळी, हा पहारेकरी, मिशी कशी टेकलेली असते ते. ती बराच वेळ काही बोलली नाही. बोटांनी फोटो मोठा करत राहिली, आधी नांगी आली, मग वाळू, मग परत नांगी.

"मिशी खंय आसा?"

मी सांगायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. अजून थोडं सरकवलं.

"हां. गावली."